धुरातला मास्क आणि गालातला तोबरा

अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरात वणव्याच्या ज्वाळा विझतात आणि विझवणाऱ्यांचा खरा वनवास तिथून सुरू होतो. धुमसते बुंधे फोडायचे, हातमोजा काढून राखेवरून हात फिरवायचा, ऊब लागली की पाणी ओतायचं. दिवसभर नाकातोंडात धूर, आणि त्याला आडवा म्हणून गळ्यातला रुमाल. रुमालाने धूर अडत नाही हे सगळ्यांना ठाऊक. पण पहिल्यापासून चालत आलंय, मग बोलणार कोण?

अशाच एका विझवणाऱ्या टोळीतल्या लॉर्ना एचार्टला या मोसमात खोकला जडला होता. असंच चाललं तर पुढच्या वर्षी कामावर सोडणार नाही, असं डॉक्टरने तिला स्पष्ट सांगितलं होतं. ती कुणाजवळ बोलली नव्हती. वापरून बघायला म्हणून वरून धूर गाळणाऱ्या मास्कचं खोकं आलं, तेव्हा तिने त्यातला एक गुपचूप पाठपिशवीत टाकला. बाकीचे तसेच पडून होते. टोळीप्रमुख गार्थ प्रुइट गालात तंबाखू धरून म्हणाला होता, असले लाड माझ्या टोळीत नकोत.

त्या दुपारी धूर दरीत बसला आणि लॉर्नाने मास्क चढवला. नाकाचं हाड दुखायला लागलं, हनुवटीशी घाम साचला, बोललेलं कुणाला कळेना. छाती मात्र मोकळी झाली. चंद्रावर कधी निघालीस, म्हणून पोरांनी चिडवून घेतलं.

गार्थ जवळ आला. "त्रास होतो का त्याचा?"

तिने मास्क खाली ओढला. "होतो. पण गार्थ, मला पुढच्या उन्हाळ्यातही इथे यायचंय."

गार्थ सामानात पडलेल्या खोक्याकडे गेला. सकाळी बूट चढवताना तोही खोकायचा. त्याने खोक्यातला एक मास्क तोंडावर आवळला आणि बुंधा फोडायला लागला. पण जित्याची खोड! थोड्या वेळाने सवयीने त्याने पिंक टाकली, ती मास्कच्या आतच. तपकिरी ओघळ मानेपर्यंत आला आणि टोळी हसून लोळली.

आता गार्थ मास्क भिरकावून देणार, असं सगळ्यांना वाटलं. गार्थने तो शांतपणे धुतला, पुसला, गालातला तोबरा राखेत टाकला आणि खोकं पायाने पोरांकडे सरकवलं.

"एकेक घ्या. तंबाखू आधी थुंका."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांची तोंडं सारखीच दिसत होती. लॉर्नाकडे कुणी वळून पाहत नव्हतं, आणि तिला तेवढंच हवं होतं.