कुजलेल्या बटाट्यांचा निबंध

*मी चार वर्षांची होते तेव्हा आमच्या घरावर संकट कोसळलं.*

नऊ शब्द झाले. उरले सहाशे एक्केचाळीस.

ओडिलनं फोन खिशात टाकला आणि पट्ट्यावरून सरकत आलेला दगड उचलून बाहेर भिरकावला.

बटाटे काढायचे तीन आठवडे शाळा बंद असते. शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली ओडिल पेलतिए म्हणूनच शेतात होती. पुढे ट्रॅक्टरवर तिचा बाप रेआल; मागे ओढल्या जाणाऱ्या यंत्रावर ती आणि लोरेत आत्या. यंत्र जमिनीतून बटाटे उपसायचं आणि या दोघी त्यातले दगड-ढेकळं वेचायच्या. हात गुंतलेले, तोंड मोकळं.

"सापडला का विषय?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"माझ्या पित्ताशयावर लिही. काढलं तेव्हा अर्धी मेले होते मी."

"माझ्या आयुष्यातलं दुःख पाहिजे, आत्या."

"तुझ्या आयुष्यात कुठलं आलंय दुःख! बरं, मग मला मारून टाक. लिही, आत्या गेली, मी पोरकी झाले. निकाल लागेपर्यंत मी दुकानातही तोंड दाखवणार नाही, झालं?"

दुःखाचं हे खूळ शाळेतल्या केसेलबाईंचं. कॉलेजचे अर्ज त्याच बघायच्या. "ज्यानं तुला मोडलं, त्यावर लिही," असं त्यांनी सांगितलं होतं. ओडिलला पूल बांधायला शिकायचं होतं, आणि तिला हवं ते कॉलेज गाडीनं आठ तास लांब होतं. मार्क होते, शिफारशी होत्या. अडलं होतं ते अर्जासोबतच्या या साडेसहाशे शब्दांच्या निबंधावर, आणि अर्जाची शेवटची तारीख, एक नोव्हेंबर, जवळ येत होती.

"ते वर्ष लिही की," आत्या म्हणाली. यंत्राच्या खडखडाटात ट्रॅक्टरवर काही ऐकू जाणं शक्य नव्हतं, तरी तिनं आवाज खाली आणला.

ते वर्ष म्हणजे तेरा वर्षांपूर्वीचं. आणखी पावसाचा अंदाज आला म्हणून रेआल घाईला आला आणि भिजलेले बटाटे न सुकवताच त्यानं कोठारात भरले. एक कोपरा कुजला, मग शेजारचा, मग सगळं कोठार. ख्रिसमसला रस्त्यावरून जाणारे बंद गाडीतही नाक दाबून जायचे. 'रेआलनं ओले भरले' हे अख्ख्या खोऱ्याला माहीत होतं. घरात मात्र कोणी ते वाक्य उच्चारत नसे.

दुपारी ट्रकच्या मागच्या फळीवर तिघं जेवायला बसले. लोणी लावून गुंडाळलेले प्लोय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, आणि थर्मासमधली कॉफी.

"पपा, ते... ओल्या बटाट्यांचं लिहिलं तर चालेल?"

आत्याला ठसका लागला. रेआलनं घास संपवला.

"लिही. माझ्या तर ते काही कामाला आलं नाही. तुझ्या येतंय का बघ."

*वडिलांच्या एका चुकीनं आम्ही सर्वस्व गमावलं. त्या हिवाळ्यात मी रोज रात्री रडत झोपले.*

हे तिनं दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. पुढेही बरंच होतं, सगळं असंच. रेआल ऐकत राहिला.

"'सर्वस्व' नको. नदीकडचं शेत राहिलं होतं. बाकी चांगलंय."

मग तो डबा बंद करायला लागला. झाकण तिसऱ्या खेपेला बसलं.

ओडिलनं ते पाहिलं. खोडायचं तर होतंच. पण बापाला लागलं एवढ्यासाठीच नाही. 'रडत झोपले' हे खोटं होतं. एक तरी अश्रू आठवावा म्हणून तिनं डोकं खाजवलं, आणि आठवलं ते भलतंच:

पिवळी बस.

चालकाच्या मागची पहिली सीट.

गुडघ्यांवर घोंगडी, पाय जमिनीला न टेकणारे.

त्या हिवाळ्यात पैशासाठी रेआलनं शाळेची बस चालवली होती. आईची इस्पितळातली पाळी पहाटे सुरू व्हायची, पोरीला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून पोरगी बसमध्ये.

तिसऱ्या दिवशी यंत्राची साखळी तुटली. रेआल पाना घेऊन खाली वाकला होता, तेव्हा तिनं फोन काढला.

*आमचे बटाटे कुजले ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष आहे.*

पाना थांबला.

ती वाचत गेली. एरवी शेतातून दमून आलेला बाप दिसायचा तो झोपलेला. त्या वर्षी तो सकाळ-संध्याकाळ तिचा होता. दार उघडायचा दांडा दोघं मिळून ओढायचे. "पुढचा थांबा कुठला, मादाम?" असं तो विचारायचा आणि ती प्रत्येक घरातल्या पोराचं नाव सांगायची. बर्फात बस अडकली की तो शिव्या देण्याऐवजी गाणं म्हणायचा.

"शिव्याच होत्या त्या," रेआल म्हणाला. "चालीवर म्हणत होतो, तू होतीस म्हणून."

"बघ!" आत्या ओरडली. "तेरा वर्षं या माणसानं तोंड लपवलं, आणि ही बया तिथं राणीसारखी मिरवत होती!"

"मी मान खाली घालून चालवायचो," रेआल म्हणाला. "दर थांब्यावर ओळखीचं दार."

"मला मागून फक्त टोपी दिसायची, पपा."

रेआलनं हात पँटला पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाला, "एवढं सुख होतं तर एवढ्या लांब कशाला चाललीस?"

ओडिलनं फोनकडे पाहिलं. सहाशे अडतीस शब्द झाले होते.

"हे यात नाही बसायचं."

"यात नकोच. कॉलेजला काय करायचंय ते? मला सांग. सावकाश सांग, घाई नाही." तो पुन्हा साखळीवर वाकला. "पण हे पाठव. असंच पाठव. लोरेत, इकडून धर जरा."