वाटीतल्या गोळ्या

टच्‌! दुपारच्या सामसुमीत पट्टीतून गोळी निघाल्याचा आवाज झाला आणि नुकता डोळा लागलेली मानसी जागी झाली.

ओट्यापाशी तिच्या सासूबाई, बकुळाबाई, पाठमोऱ्या उभ्या. हातात शेजारच्या ललितामावशीची वाटी. काल तीतून तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण आलं होतं. भोईवाड्यातल्या या चाळीत आलेली वाटी रिकामी परत जात नाही. आज तीत पांढऱ्या गोळ्या होत्या.

"आई, ह्या तुमच्या शुगरच्या ना?"

"हळू बोल गो! ललिताचे गुडघे बघितलेस? सकाळची मी घेते, रात्रीची तिला ठेवते. तूच वाचलंस ना, हिने आतली सूज उतरते म्हणून?"

वाचलं होतं खरं, फोनवर. मधुमेहाची ही साधी गोळी शरीरातला दाहही कमी करत असेल, असं संशोधकांना वाटतंय. अजून पक्कं नाही, हे पुढचं वाचायच्या आत दूध उतू गेलं होतं.

महिनाभर ती सासूबाईंच्या ताटातला भात कमी करत होती, त्यावरून नवऱ्याशी, अजितशी, भांडत होती. साखर उतरेना, पायाच्या बोटाची जखम भरेना. उद्या डॉक्टर इन्सुलिनचं ठरवणार होते.

"बोट जाईल ना हो आई," एवढंच ती म्हणाली. ओरडायचं त्राण नव्हतं.

वाटी न्यायला आलेली ललितामावशी दारातच थबकली. "काय गो बकुळे, जास्तीच्या आहेत म्हणालीस ना मला! तुझ्या तोंडच्या खात होते मी?"

"गुण आला ना पण?"

"आला तर! जिना उतरते ना आता."

मानसीला ते ठाऊक होतं. हल्ली संध्याकाळी मावशी मानसीच्या लेकीला, नूपुरला, खाली खेळायला न्यायची. तेवढीच तिची पाठ जमिनीला टेकायची.

मानसीने गोळ्या काढून घेतल्या, वाटीत मूठभर शेंगदाणे घातले. "उद्या आमच्याबरोबर डॉक्टरकडे चला, मावशी. तोवर ही गोळी नको."

मावशी कठडा धरत गेली. चटईवरची नूपुर केव्हाची जागी होती.

"मम्मी, गोळी नसली तरी मावशी मला खाली नेईल ना?"