एका गाडीला एक डाव भात

हमालांच्या वस्तीत ताट वाढायची रीत ठरलेली. गडी दारात आला की आधी बोटं दाखवायचा, आज किती गाड्या रिकाम्या केल्या ते. जितकी बोटं तितके डाव भात. "पोट मारायचं नाही आणि फुकट गिळूही द्यायचं नाही," असं सासूने आईला बजावलं होतं. आईने नवऱ्याचं ताट तसंच वाढलं. तो पाठीवर पोतं असतानाच गेला, मग मुलाचं ताटही ती तसंच वाढू लागली.

मुलगा अंगापिंडाने असा दणकट की सगळे त्याला डोंगर म्हणत. रोज अख्खा पंजा दाखवायचा. आईला काय तो अभिमान! पण गेल्या वर्षभरात डोंगर नुसता फुगत चालला. जिना चढला की धापा टाकायचा. शेवटी आईने त्याला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिशी उलटलेला बाप्या, पण आईपुढे गोगलगाय.

"काम काय करता?" बाईंनी त्याला विचारलं.

उत्तर आईने दिलं. "हमाली. दिवसाला पाच गाड्या उपसतो माझा लेक!"

"मग जेवण एकदम तोडायला नको. खाल्लेलं कामात जिरलं पाहिजे, एवढंच. बसून राहून एवढं जेवला असतात ना, तर या हृदयाचं काही खरं नव्हतं."

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. डोंगर जमिनीकडे बघत राहिला. अरे, तोंड उघड की मेल्या! पण छे.

पुढच्याच आठवड्यात तो गोळ्या घरी विसरला. आई त्या घेऊन गोदामाच्या फाटकाशी गेली. आत एक यंत्र पोत्यांची चळतच्या चळत उचलत होतं आणि वर गादीच्या खुर्चीत तिचा लेक बसला होता.

"डोंगराची मजा आहे मावशी," चौकीदार हसला. "वर्ष झालं यंत्र येऊन. बूडसुद्धा हलवावं लागत नाही."

आई फाटकाआड सरकली. "मी आले होते म्हणून सांगू नका हं त्याला," एवढंच ती म्हणाली आणि गोळ्या मुठीत धरून परतली. आज त्याला स्पष्ट विचारायचं, असं तिने वाटेत पक्कं केलं.

संध्याकाळी तो आला. खांद्यावर पोत्याची धूळ मुद्दाम चोळलेली, हे तिला आज दिसलं. त्याने पंजा वर केला. शेजारीण नेमकी दारात उभी होती. आईने दोनच डाव वाढले.

"हे काय गं आई? मी काय घरबशा आहे?" तो हसला, पण चेहरा पार उतरला होता. बसून खाणाऱ्याला या वस्तीत कुत्रं विचारत नाही. शेजारणीने कान टवकारले. आत्ता बोलले तर पोर जन्मात मान वर करणार नाही, आईला वाटलं. उद्या सांगू. तिने उरलेले तीन डाव वाढले.

तो उद्या काही उजाडला नाही. रोज पंजा, रोज पाच डाव. त्यालाही एवढं जेवण जात नसे. शेवटचे घास तो पाण्याबरोबर ढकलायचा, कारण पाच गाड्या उपसणारा माणूस ताटात टाकत नाही. आई समोर बसून बघायची.

एके दिवशी जेवून तो हात धुवायला उठला आणि मोरीपाशीच कोसळला. डॉक्टरीणबाई येईपर्यंत सगळं संपलं होतं.

वस्तीतल्या बायका जमल्या. "भरल्या पोटी गेला गं," एकजण म्हणाली. "तू काही कमी पडू दिलं नाहीस."

आईने भिंतीवर कपाळ आपटलं. "मी मारलं त्याला! तो तिथे नुसता बसून असायचा, मला ठाऊक होतं. ठाऊक असून वाढत राहिले."

शेजारणीने तिला छातीशी ओढलं. "वेडी का काय तू? आईच्या हातचं खाऊन कुणी मरतं का?"

बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या.