आधी मला विचारा

रत्नागिरीच्या भास्करराव आगाशांना विचारल्याशिवाय बागेतला आंबासुद्धा झाडावरून उतरत नसे. आणि हा नवा कॉम्प्युटर? फोनच्याच तारेवरून इंटरनेट जोडलं रे जोडलं की परस्पर अपडेट उतरवत बसायचा, आणि घरातला एकुलता एक फोन दुपारभर एंगेज!

"खेडची मंडळी फोन करून थकली असतील," ते कडाडले. "मेल्याला विचारायची पद्धत ठाऊक नाही?"

त्यांच्या मुलीने, सावनीने, सेटिंग उघडून 'आधी मला विचारा' यावर खूण केली. "आता तुम्ही हो म्हटल्याशिवाय काही उतरवणार नाही, बाबा."

"असं हवं! ज्याचं त्याला विचारायला नको?"

तेवढ्यात फोन वाजला. सावनीसाठी स्थळ सांगून आलेली खेडची मंडळीच होती. "तिचा होकारच समजा," भास्कररावांनी तिच्याकडे न बघताच सांगून टाकलं. "बैठकीला कोणता दिवस चालेल, तेवढं उद्या दुपारी मला फोन करून विचारा."

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपताच सावनीने इंटरनेट जोडलं आणि खूण गुपचूप 'आपोआप'वर नेऊन ठेवली.

भास्करराव दिवेलागणीपर्यंत मुक्या फोनशेजारी बसून होते.

"काय माणसं तरी!" ते करवादले. "एका शब्दाने विचारायची पद्धत नाही."

"नाही ना, बाबा," सावनी म्हणाली.