राघूआबांची पट्टी

"लावलं पुन्हा तुझं तुणतुणं!" असं तुम्ही एकमेकांना वैतागून म्हणता ना, मित्रांनो? ते तुणतुणं मीच. एक तार, एक सूर, आणि आता वयही झालेलं. पण माझा सूर ढळला, तर भल्याभल्या गायकांची फजिती होते, हे आधी ध्यानात घ्या!

माझा जन्म आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा. राघूआबा तेव्हा तरणेबांड होते, मेंढरं राखायचे. सुताराने आंब्याचं लाकूड कोरून दिलं. आबांनी कळपातल्या शेळीचं कातडं तळाला मढवलं आणि त्यातून तार ओढून वर दांडीच्या खुंटीला बांधली. ते रानात कवनं रचायचे आणि जत्रेत डफ-तुणतुण्यावर गायचे. आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. खुंटी पिळून त्यांनी मला त्या पट्टीत बसवलं. त्यांचं कवन रंगलं की लोक फेटे उडवायचे. खोटं कशाला बोलू, मलाही जरा गर्व चढला होता.

मग डीजे आले. आबांचा गळाही गेला. मी खिळ्याला लटकलो आणि माझ्या आडोशाला पालींनी संसार थाटला. मेलं कुणी ढुंकून पाहीना! शेवटी मला खाली काढलं ते आबांच्या नातीनं, सृष्टीनं. तीही कवनं रचते, जुन्याच चालीवर. तिचं नवं कवन होतं उसातल्या बिबट्याचं आणि त्याच उसाच्या कडेनं शाळेला जाणाऱ्या पोरींचं.

यंदा पिंपरी पेंढारच्या जत्रेत सकाळच्या वेळी तिला गायला मिळालं. पुढे सृष्टी, मागे मला घेऊन आबा, शेजारी डफावर सावळाराम. जत्रा कमिटीच्या दादाभाऊंनी आधीच बजावलं होतं, "पोरी, लोकं बसली तर ठीक. न्हाईतर पुढच्या वर्षीपासनं कवनं बंद, नुसता डीजे."

सृष्टीनं तोंड उघडलं आणि मी चमकलोच. ती आबांच्या पट्टीत गात होती! आमच्याकडे गुरूचा सूर हलवत नाहीत, म्हणून तिनं घरीही माझ्या खुंटीला हात लावला नव्हता. तिचा गळा उंच, आणि गाणं इतकं खाली. शब्द ओठातच विरत होते.

"आवाज येईना, राव!" मागून कुणीतरी ओरडलं. माणसं उठू लागली. दादाभाऊंनी डीजेवाल्याला खूण करायला हात वर केला.

आबांनी मला वाजवायचं थांबवलं.

"सृष्टे, ह्यो आवाज तुझा न्हाई."

"आबा, ही तुमची पट्टी हाय. ती मोडू व्हय?"

"माझा गळाच न्हाई राह्यला, तिचं काय लोणचं घालायचंय?" असं म्हणत आबांनी खुंटी धरली.

सावळाराम घाबरला. "आबा, तार जुनी हाय! दुसरी आणली न्हाई आपण!"

"तुटंल तर तुटंल. पोरगी दबली तर लई वाईट व्हईल."

आबांनी पीळ दिला. तार कण्हली. आणखी एक पीळ. कातडं करकरलं. 'तुटू नको रे बाबा,' मी स्वतःलाच विनवत होतो. आजवर एवढा कधी घाबरलो नव्हतो. तरी आबांनी तिसरा पीळ दिलाच.

तार टिकली!

सृष्टीनं तो सूर उचलला आणि कवन खणखणीत सुरू झालं. उठलेले लोक उभ्याउभ्याच ऐकू लागले, मग खाली बसले. दादाभाऊंचा हात वरच राहिला होता. तो त्यांनी हळूच टोपी नीट करायला वापरला. आणि आबा, जे जन्मभर पुढेच गायले, ते नातीच्या पाठीमागे उभं राहून फाटक्या आवाजात "जी जी रं जी" करत होते. मला रडू आवरेना.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण मला फडक्यात गुंडाळून टांगू नका. हातात घ्या आणि तुमच्या गळ्याला लागेल तेवढी खुंटी पिळा. तुटायची भीती माझी मी बघून घेईन.