कागदावरची पौर्णिमा

तारीखमास्तरांना कोणी सहज विचारलं, की यंदा ईस्टर कधी, तर त्या माणसाचा अर्धा तास गेला म्हणून समजावं. छापखान्यातल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, त्यामुळे ते विचारत नसत. नवे लोक एकदा विचारत, आणि मग तेही जुने होत.

मास्तर होते कॅलेंडरं छापणाऱ्या छापखान्यातले मुद्रितशोधक. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतलेला माणूस तो, नाकावर माशी कशाला बसू देईल? चष्मा कपाळावर चढवून ते सुरू होत. नाताळ कसा गुणी, दरवर्षी पंचवीसला मुकाट हजर. ईस्टरचं तसं नाही. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात, त्यानंतरची पहिली पौर्णिमा बघायची आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार धरायचा. सूर्य, चंद्र आणि वार, तिघांची मर्जी सांभाळायची म्हटल्यावर तारीख महिनाभर इकडेतिकडे भटकणारच.

इथवर ऐकणाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, की मास्तर मुळाशी जात. येशू मरणातून उठला तो ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, आणि वल्हांडण चालतं चंद्रावर. सुरुवातीला काहीजण चंद्राचा चौदावा दिवस धरत, मग वार कुठलाही असो. काहीजण रविवारासाठी अडून बसत. शेवटी सतराशे वर्षांपूर्वी धर्मगुरूंची मोठी सभा भरली आणि ठरलं, की सगळ्यांनी एकाच रविवारी साजरा करायचा. "तेव्हापासून सगळ्यांचं इतकं एकमत आहे," मास्तर शेवटी म्हणत, "की पूर्वेकडच्या चर्चची मंडळी आजही बहुतेक वर्षी वेगळाच रविवार धरतात."

असल्या ज्ञानी माणसाचं घरी मात्र एकाच माणसापुढे चालत नव्हतं. त्यांची मुलगी दूरच्या शहरात नर्स होती. पाच वर्षांपूर्वी तिने फोनवर सांगितलं, ईस्टरला ड्यूटी आहे, जूनमध्ये आठवडाभर येते. मास्तर फटकन बोलून गेले, "यायचं तर ईस्टरला ये. अधेमधे उतरायला हे काय हॉटेल आहे?" मुलगी कोणाची? तिने तो शब्द धरून ठेवला. दरवर्षी ती ईस्टरची सुट्टी मागे आणि दरवर्षी सुट्टी तिच्याहून जुन्या नर्सना मिळे. ती जूनमध्ये येईना, बाप शब्द मागे घेईना. मास्तरांच्या बायकोने दोघांना समजावून पाहिलं आणि मग नाद सोडला. मास्तर संध्याकाळी फोनजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसत. एकच पान तासभर. मुलीची फार आठवण येई त्यांना, पण हे मान्य करण्यापेक्षा त्यांनी अख्खं वर्तमानपत्र पाठ केलं असतं.

पाचव्या वर्षी छापखान्यातल्या मशीनवाल्याने त्यांची खोडी काढली. म्हणाला, मास्तर, एवढं चंद्रसूर्य सांगता, पण तारीख तर तुम्ही ड्रॉवरमधल्या तक्त्यातून उतरवता. ते खरंच होतं. चर्चकडून आलेला एक पिवळा पडलेला तक्ता ड्रॉवरच्या तळाला चिकटवलेला होता. मास्तरांना ते झोंबलं. त्यांनी वेधशाळेचे आकडे मिळवले आणि कागद घेऊन बसले. येत्या वर्षी दिवस-रात्र सारखे होणार वीस मार्चला, पौर्णिमा एकवीसला, पुढचा रविवार चोवीसचा. इतकं सोपं! चोवीस मार्च ही तारीख त्यांनी ऐटीत मजकुरात घातली आणि त्याच संध्याकाळी फोनवर मुलीलाही सांगून टाकली.

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. सुट्टी मंजूर, शनिवारी येते, मंगळवारी निघते. मास्तर म्हणाले, "बरं," आणि रिसीव्हर ठेवून आत जाऊन तोंड धुवून आले.

छपाईच्या आदल्या दिवशी शेवटचं प्रूफ टेबलावर होतं. तारखा मूळ कागदाशी ताडायच्या, ही एकतीस वर्षांची सवय. मास्तरांनी ड्रॉवर ओढला आणि तक्त्यावर बोट ठेवलं. तक्ता म्हणत होता, एकवीस एप्रिल. पुरता चार आठवड्यांचा फरक.

मग त्यांना तक्त्याच्या खालची बारीक ओळ दिसली. एकतीस वर्षांत दुसऱ्यांच्या बारीक ओळी वाचताना ही तेवढी राहून गेली होती. चर्चचा चंद्र आकाशातला नव्हेच. तो कागदावरचा चंद्र, एकोणीस वर्षांच्या चक्राच्या हिशेबाने तक्त्यात बसवलेला, म्हणजे ढग असोत, डोळे अधू असोत, सगळ्यांना तारीख आधीच कळावी. दिवस-रात्र सारखे होण्याचा दिवसही एकवीस मार्चला कायमचा बांधलेला. येत्या वर्षी कागदावरची पौर्णिमा वीसलाच पडत होती. एक दिवस आधी, म्हणून बाद. पुढची पौर्णिमा एप्रिलात. ज्या माणसाने अर्ध्या गावाला चंद्र समजावला, त्याने चुकीचा चंद्र धरला होता.

आता चूक छापली, तर हजारो घरांत ईस्टर चार आठवडे आधी उगवणार. सुधारली, तर मुलगी ऐकणार, की बाबांचीच तारीख चुकली. एप्रिलची सुट्टी तिला मिळणार नाही, आणि ईस्टर नसताना ती उंबरा ओलांडणार नाही. मास्तर बराच वेळ लाल पेन हातात धरून बसले. चूक डोळ्यांआड करणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी चोवीस मार्चवर काट मारली, समासात एकवीस एप्रिल लिहिलं, सही केली. कॅलेंडर बिनचूक छापलं गेलं. फक्त आधीच्या प्रूफची काट न मारलेली, चोवीस मार्चवाली प्रत त्यांनी गुंडाळून पिशवीत घातली आणि घरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली. बायकोने ती पाहिली, मास्तरांकडे पाहिलं आणि अंडी रंगवायचे रंग कुठे ठेवलेत ते शोधायला गेली.

मार्चमध्ये मुलगी आली. स्टेशनपासून घरापर्यंत एकाही दुकानात ईस्टरची खूण नव्हती. मास्तर म्हणाले, हल्ली लोकांना कशाचं काही राहिलं नाही. रविवारी सकाळी चर्चला निघायच्या वेळी त्यांचा गुडघा दुखू लागला, तोही इतका, की घरातल्या कोणालाच जाता आलं नाही. शेजारीण डोकावली आणि टेबलावरची रंगीत अंडी बघून तिने तोंडात बोट घातलं. मास्तरांची बायको शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे लवकर असतं." जेवताना मुलगी वॉर्डातल्या गमती सांगत राहिली. मास्तर इतके हसले, की गुडघा दुखतोय हेही विसरले आणि उठून स्वतः पाण्याचा जग भरून आणला.

मंगळवारी निघताना मुलगी स्वयंपाकघरात कॅलेंडरसमोर उभी राहिली.

"आमच्या वॉर्डात सगळ्यांनी एप्रिलची सुट्टी मागितली," ती म्हणाली. "मार्चची मागणारी मी एकटीच. मेट्रनने लगेच सही केली."

मास्तर वर्तमानपत्रातून वर बघेनात. पान मात्र उलटं होतं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"फोन ठेवल्या ठेवल्या बघितलं मी. पण तुम्ही ईस्टरला ये म्हणाला होतात, आणि तारीखही तुम्हीच दिलीत." तिने बॅग उचलली. "पुढच्या वर्षी कधी आहे, बाबा?"

आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न विचारणाऱ्याला मास्तरांनी अर्धा तास बसवलं नाही. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तुला सुट्टी कधी मिळते ते कळव," ते म्हणाले. "मग तारीख टाकतो."