न आलेला ताप

मला माझ्याच घरात कोंडलं, तेही सुनेनं. लेक कालच दवाखान्यातून तान्हं बाळ घेऊन समोरच्या खोलीत उतरली, आणि मी, तिची आई, शिलाई मशीनच्या खोलीत. दाराला बाहेरून कडी. खिडकीतून दिसते ती शेजारच्या इमारतीची भिंत. तिच्याशी किती भांडणार?

आमच्या घरात कोण आजारी, हे मी ठरवते. कपाळाला हात लावायचा, गार लागलं की ऊठ, कामाला लाग. जावयालासुद्धा यातून सूट नाही.

"माझं कपाळ गार आहे!" मी दारामागून ओरडले. "खोकला नाही, शिंक नाही. आवाज ऐक, कसा खणखणीत आहे!"

"ऐकतेय, आई. खालचा मजलाही ऐकतोय," सून म्हणाली. "पण तपासणीत विषाणू निघालाय. दोनदा."

सून प्रयोगशाळेत असते. काचेच्या थाळ्यांत पेशी वाढवते, त्यांना विषाणू लावते नि बघत बसते. घरातली झाडं मात्र पाण्यावाचून वाळतात.

"मग ताप कुठाय?"

"तेच तर. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडते. म्हणजे शेजारच्या पेशींना हाक मारते, दारं लावून घ्या म्हणून. ताप, अंगदुखी बरीचशी त्या हाकेचीच. हा मात्र शिरल्या शिरल्या असं प्रथिन बनवतो, की हाक मारणारीचं तोंडच दाबलं जातं. शेजारी गाफील, तुम्ही ठणठणीत, आणि आत त्याची पिलावळ वाढतेय."

"एवढासा जीव आणि एवढा पाताळयंत्री?"

"बाळाला नाही झेपणार, आई."

मी गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे, ती अंघोळीला जायची वाट बघत.

नळ वाजला तशी थोरल्या मुलाला, तिच्या नवऱ्याला, बोलावलं. "कडी काढ."

"पण ती म्हणाली..."

"जन्म मी दिलाय तुला, तिनं नाही. काढ."

पन्नाशीचा घोडा, पण माझ्यापुढे अजून ततपप करतो. कडी निघाली. त्याचा मास्क हनुवटीवर लोंबत होता. "अगं ए..." म्हणत तो बायकोला हाक मारायला वळला, तसा मी त्याच्या तोंडावर हात दाबला. "आवाज नाही!"

समोर लेकीचा चेहरा उजळला. "आई! बरी झालीस? ये ना," म्हणत तिनं दुपट्यासकट बाळ पुढे केलं. एवढंसं नाक. जावळ काळंभोर. चार पावलांवर.

माझ्या तळव्याखाली थोरल्याचे ओठ हलत होते, शब्द बाहेर पडत नव्हता. हाक मारणाऱ्याचं तोंड मीच दाबलं होतं. मला काहीच होत नव्हतं. कुठेच काही दुखत नव्हतं.

"दार लाव तुझं," मी लेकीला म्हणाले.

"का गं?"

"लाव म्हणते ना!"

थोरल्याची कॉलर धरून त्याला आत ओढलं, दार लोटलं आणि जोरात हाक मारली, "सूनबाई! बाहेरून कडी घाल. तुझा नवराही आत आहे, माझा हात लागलाय त्याला."

नळ बंद झाला. पावलं आली. सून म्हणाली, "खिडकी उघडा. मास्क लावा. दोघंही."

कडी पडली. समोर बाळानं टाहो फोडला. थोरला उठायला लागला.

"बस खाली," मी म्हणाले, आणि स्वतः दाराला कान लावून उभी राहिले.